बारावा कप्पा

१

रिकामी ओळ दिसली की तिच्यावर तिरकी रेघ मारायची, ही सवय मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लागली. मी फायर सेफ्टीचा तपासनीस. लोकांच्या इमारतींत जायचं, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, मागची दारं खरंच उघडतात की त्यांच्यापुढे खोके रचलेत ते बघायचं, आणि वर्षातून दोनदा भोंगा वाजवून सगळ्यांना खाली पटांगणात उभं करायचं. मग माणसं मोजायची. जेवढी आत होती तेवढी बाहेर आली पाहिजेत. मोजणी वहीतल्या नावांवरून होते, आणि नावांखाली ओळी मोकळ्या राहिल्या तर मागाहून कुणीही काहीही लिहून ठेवतं. माझे पहिले साहेब म्हणायचे, “रिकामी ओळ ठेवलीस तर ती भरायला कुणीतरी येणारच.” हे वाक्य मी पुढे निदान शंभर जणांना ऐकवलं असेल.

अशा नोकरीत माणूस संशयी होतो, की संशयी माणसालाच अशी नोकरी मिळते, कोण जाणे. बायको म्हणते, हा देवाकडेही ओळखपत्र मागेल.

आमची मुलगी बारकी. नाव वेगळं आहे, पण पंधरा वर्षांची झाली आणि माझ्या खांद्याला लागली तरी घरात ती बारकीच. ती फॅनफिक्शन लिहिते. म्हणजे दुसऱ्याच्या मालिकेतली माणसं नि जागा घ्यायच्या, आपल्या गोष्टी रचायच्या आणि इंटरनेटवर भाग टाकत राहायचं. तिच्या आवडीच्या एका कार्टून मालिकेत टेकडीवर जपानी धाटणीचा एक किल्ला आहे. पांढऱ्या भिंती, एकावर एक पाच छपरं, कडा वर वळलेल्या. मालिकेत तो नुसता मागे दिसतो, आत कुणी कधी गेलंच नाही. बारकीने आपल्या गोष्टीसाठी तिथे स्वयंपाकघरात काम करणारी एक मुलगी ठेवली आणि माझ्यामागे लागली.

“बाबा, एवढ्या उंचावर पाणी कुठून येत असेल?”

“विहीर असणार. तळघरात.”

“आणि चोर आला तर कळणार कसं?”

त्यावर मी तिला पहिल्या मजल्यावरची पडवी रचून दिली. तिथल्या फळ्या मुद्दाम सैल ठोकलेल्या. पाय पडला की पाखरासारख्या चिवचिवतात. आवाज न करता जायचं तर भिंतीला चिकटून, फळीच्या कडेवर पाय ठेवत जावं लागतं. बारकीने आनंदाने टेबलावर थाप मारली आणि माझा कप सांडला.

मला गोष्टीतल्या दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, पण असले तपशील मी चाळीस पानं लिहिले. चौकटींच्या वहीत, पेनाने. कागदाची सरकती दारं, गवती चटया, तेरा पायऱ्यांचा उभा जिना. दोन वर्षांपूर्वी या मुलीने खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली होती. आता रोज पाच वाजता ती आपणहून स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी येऊन बसायची. मला तेवढंच हवं होतं. किल्ल्याशी मला काय देणंघेणं?

२

किल्ल्यात पादत्राणं घालून जायचं नाही, हा नियम पहिल्यापासून होता. येणाऱ्याने दाराशी चपला काढायच्या, जाणाऱ्याने घालायच्या. चौथ्या भागात स्वयंपाकीणबाई बाजारात गेल्या आणि पाचव्या भागात त्यांच्या चपला दाराशीच होत्या. एका वाचकाने ती चूक पकडली. बारकी हसली, पण मला ती लागली. माणूस बाहेर आणि चपला आत म्हणजे माझ्या हिशेबी गुन्हाच.

मी चपलांचा तक्ता केला. किल्ल्यात राहणारी माणसं अकरा. दाराशी फडताळ काढलं, आडवे चार कप्पे, उभे तीन. बारा झाले. अकरा कप्प्यांचं फडताळ कुठला सुतार करतो? प्रत्येक कप्प्यात एकेकाचं नाव घातलं आणि बारावा मोकळा राहिला.

कचेरीतली वही असती तर हात आपोआप तिरका गेला असता. पण हा आपल्या घरातला खेळ होता. मी रेघ मारली नाही.

३

दोन दिवसांनी बारकीच्या नवव्या भागाखाली एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने नाव घेतलं होतं ‘नेहमीचा’.

“बाराव्या कप्प्याचं अजून काही लिहिलं नाहीत.”

बारकीने फोन माझ्यापुढे धरला. “बाबा, तुम्हीच ना हे? काय पण नाव घेतलंय.”

मी नव्हतो. आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण फडताळ अजून कुठल्याच भागात आलेलं नव्हतं. ते फक्त माझ्या वहीत होतं. त्या नेहमीच्याचं खातं उघडून बघितलं. फोटो नाही, गाव नाही. खातं सुरू झाल्याची तारीख तेवढी होती. मी फडताळ काढलं तोच दिवस.

पंधरा वर्षांची मुलगी आणि इंटरनेटवरचा अनोळखी माणूस. कुठल्याही बापाच्या डोक्यात जे येईल तेच माझ्या डोक्यात आलं.

“तू याला काय काय सांगितलंयस?”

“एक अक्षर नाही. मी याला ओळखत पण नाही.”

“फोन दे इकडे.”

“म्हणजे माझ्यावर संशय?”

“तुझ्यावर नाही गं. त्याच्यावर.”

“मग फोन माझा का बघताय?”

तरी मी फोन बघितला. आत काहीच नव्हतं, मैत्रिणींचे फालतू विनोद आणि आमच्या चहाच्या कपाचे तीन फोटो. ती उठून आत गेली आणि दार लागल्याचा आवाज आला. तो आवाज मी विसरत चाललो होतो.

बायको दवाखान्यातून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, कुठल्याही दुखण्याचं मूळ तिला पटकन सापडतं. “ब्लॉक कर की त्याला,” ती म्हणाली. “एवढ्याला काय एवढं?”

ब्लॉक केलं. दहाव्या भागाखाली पहिली प्रतिक्रिया त्याचीच होती. “वाट बघतोय.”

४

मग मी सापळा लावला. हे मला जमतं. एखाद्या इमारतीतून माहिती बाहेर जात असेल तर तीन जणांना तीन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आणि कुठली बाहेर येते ते बघायचं.

वहीत लिहिलं, किल्ल्यात चुली दोन आहेत. कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये लिहिलं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला गज नाहीत. आणि बारकीला, तिचा राग जरा निवळल्यावर, तोंडी सांगितलं की विहिरीवर दगडी झाकण आहे. बारकीने मान हलवली. मला स्वतःची लाज वाटत होती. पोटच्या पोरीला मी सापळ्यात धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिक्रिया आली.

“तिन्ही खोटं. चुली तीन आहेत. विहीर उघडी आहे. गज आहेत, पण आतल्या बाजूने.”

मी स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म खोलला. कॅमेरा असेल म्हणून. दिवे काढले, जाळी काढली, फ्रिजमागे हात घातला. धुळीशिवाय काही सापडलं नाही. आपल्याला कळत नाही अशी एखादी युक्ती असणार, असं मी मनाला समजावलं. मन ऐकेना. कारण युक्ती करणारा माणूस मी लिहिलेलं चोरून वाचू शकला असता, पण खोटं काय हे त्याला कसं कळलं? खरं काय ते तर मलाही ठाऊक नव्हतं.

५

बारकीतला फरक मला आधी कानाने कळला. आमच्या घराला मधे एक लांब बोळकांडी आहे, साध्या फरशीची. बारकी तिच्यातून धाडधाड धावायची. खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करायच्या. आता आवाज येईना. एकदा मी दारात उभा राहून बघितलं. ती भिंतीला खांदा लावून चालत होती, पाय कडेकडेने ठेवत.

“अशी का चालतेस?”

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. फार लांबच्या माणसाशी फोनवर बोलताना आपलं बोलणं पोचायला जसा वेळ लागतो, तसा वेळ गेला.

“कशी?” ती म्हणाली.

पाच वाजता ती टेबलापाशी यायची, पण विचारायची काही नाही. अकरावा, बारावा, तेरावा भाग तिने मला न विचारता लिहिले. त्यात खोल्या होत्या, पायऱ्या होत्या, कुठल्या दाराचा कागद कुठे फाटलाय ते होतं. मी म्हटलं, “माझी वही नको का आता?”

वेळ गेला.

“दिसतं ना, बाबा.”

बायकोने तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, झोप वाढवा म्हणाले. “या वयात होतं असं,” बायको मला म्हणाली, पण गोळ्यांची पट्टी ती उगीचच उलटसुलट करत राहिली.

आणि चपला. बारकीच्या निळ्या पट्ट्याच्या चपला दाराजवळच्या रॅकवर नव्हत्या. डावीचा पट्टा तुटला होता तेव्हा मीच तो शिवला होता, कामावरच्या जाड लाल दोऱ्याने. ती चिडली होती, एवढा विजोड रंग म्हणून, आणि तरी रोज त्याच घालायची. आता ती शाळेत बूट घालून जात होती.

“चपला कुठायत तुझ्या?”

या वेळी इतका वेळ गेला की मी पुन्हा विचारणार होतो.

“आत आहेत. जागेवर.”

त्या संध्याकाळची प्रतिक्रिया मला पाठ आहे. “बाराव्या कप्प्यात आता चपला आहेत. निळा पट्टा. डावीला लाल दोऱ्याचे सात टाके. छान घातलेत.”

टाके मी कधी मोजले नव्हते. डोळे मिटून आठवून मोजले. सात होते.

समोर बसलेली मुलगी आपलीच आहे का, असा विचार बापाने करू नये. मी केला. ती वाटी पुढे ओढून जेवत होती आणि मला तिची भीती वाटत होती. मग त्या भीतीचीही शरम वाटली, आणि मी उठून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

६

चूक माझी होती. हे एकदा कबूल केल्यावर काय करायचं ते सोपं वाटलं. मी वही काढली आणि बाराव्या कप्प्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात रेघ मारली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

फोन वाजला. नवी प्रतिक्रिया.

“चपला असलेल्या कप्प्यावर रेघ मारता येत नाही. तुम्हाला तरी हे माहीत असायला हवं.”

खरंच होतं. रेघ रिकाम्या ओळीवर मारतात. ओळीवर नाव असेल तर आधी तो माणूस बाहेर आणायचा, आपल्या डोळ्यांनी बघायचा, मगच वही बंद करायची. नियम माझाच होता.

७

रविवारी दुपारी बायको बाहेर गेलेली असताना मी बारकीच्या कॉम्प्युटरपुढे बसलो. शेजारी वही उघडी, तिच्यावर पेन. बारकी पलीकडच्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. हाक मारून बघितली. उत्तर आलंच नाही.

मी चौदावा भाग लिहायला घेतला. आयुष्यातली पहिली गोष्ट. शोभेचं काही येत नव्हतं, म्हणून येतं तेच लिहिलं. एक तपासनीस किल्ल्यावर येतो. दाराशी बूट काढतो, कारण नियम आहे. फडताळ भरलेलं, म्हणून बूट पायरीवर ठेवतो. मोठ्याने ठणाणा घंटा वाजवतो. सगळ्यांनी बाहेर पडा, घाई नको, ढकलाढकली नको, सामान घेऊ नका. आणि स्वतः वर जातो, खोल्या तपासायला.

पडवीबद्दल लिहिताना मला फळ्या ऐकू आल्या. चिवचिव, माझ्याच चालीच्या ठेक्यात. आमच्या घरात लाकडी फळी एकसुद्धा नाही. मी लिहीत राहिलो. जिना चढलो. पायऱ्या चौदा निघाल्या.

पाचव्या मजल्यावर एक खोली होती. ती मी कधी काढलेली नव्हती. तिचं कागदी दार बंद होतं आणि मागून उजेड होता, त्यामुळे आतल्यांच्या सावल्या कागदावर दिसत होत्या. एक बारकीची. तिची वेणी मी कुठेही ओळखेन. तिच्या शेजारी, तिच्याच उंचीवर, दुसरं कुणीतरी बसलं होतं. तिच्याकडे तोंड करून, अगदी जवळ. ती मान जशी कलती करते तशी त्यानेही कलती केली, पण जरा उशिरा. शिकत असल्यासारखी.

हे मी लिहिलं की वाचलं, मला सांगता येत नाही.

मी दार सरकवलं आणि तिच्याखेरीज कशाकडेही बघितलं नाही. “बारकी, चल. चपला घाल आणि बाहेर पड. मागे बघू नकोस.” ती उठली. तिच्याबरोबर तेही उठायला लागलं. तपासनीस दोघांच्या मधे उभा राहिला, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून. खाली एकेक जोडी फडताळातून निघत होती, मी वरूनच मोजत होतो. अकरा. मग मधे बराच वेळ काही नाही. मग हलकी पावलं, धाडधाड, फळीच्या मधोमध, सगळी पडवी चिवचिवत.

बारा.

मी लिहिलं, “बाराही जण बाहेर आले. मोजणी जुळली,” आणि भाग टाकून दिला.

“बाबा!” पलीकडून हाक आली. “माझे पाय किती गार पडलेत! आणि भूक लागलीय! आई कुठाय?”

एका दमात तीन गोष्टी. मी खुर्ची पाडून धावलो.

८

रॅकवर निळ्या चपला होत्या, पट्टे ओलसर. बारकीला मधल्या दिवसांतलं फारसं आठवत नव्हतं. ताप आला होता म्हणाली. खालच्या बाईंची तक्रार पुन्हा आली आणि मी त्यांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले. बायकोने गोळ्या फेकून दिल्या.

आठवड्याने बारकी पाच वाजता टेबलापाशी आली. “बाबा, तुमचा भाग वाचला. भारी आहे. पण एक चूक आहे.”

“कुठली?”

“तपासनीस आत गेला तो बाहेर आलाच नाही. बारा आले, तेरावा कुठाय?” ती खो खो हसायला लागली. “सगळ्या जगाला मोजता आणि स्वतःला मोजायला विसरलात! फायर सेफ्टीवाले म्हणे!”

मीही हसलो. ती चूक मला त्याच दिवशी कळली होती. भागाखाली प्रतिक्रिया होती: “बूट पायरीवर ठेवू नयेत. मी उचलून बाराव्या कप्प्यात ठेवले आहेत.” कप्पा रिकामा होता तेवढ्या वेळात रेघ मारता आली असती. वही शेजारी होती, पेन तिच्यावर होतं. पण मी धावलो होतो. पुन्हा तशी हाक आली तर पुन्हा धावेन. माझे कामावरचे काळे बूट रविवारपासून सापडत नव्हते. बायकोला सांगितलं, कचेरीत राहिले.

“मी काढते त्याला बाहेर,” बारकी म्हणाली. “पुढच्या भागात ती स्वयंपाकघरातली मुलगी वर जाईल आणि घेऊन येईल. दोन ओळींचं काम आहे.”

कुणाला बाहेर काढायचं तर कुणीतरी आत जावं लागतं. चपला काढून.

“नको,” मी म्हणालो. “राहू दे. तपासनीस शेवटीच निघतो. नियमच आहे तो.”

ती हसायची थांबली. डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागली. ती नजर माझीच होती, कुलपाकडे आणि मागच्या दारांकडे बघायची.

“बाबा, तुम्ही हल्ली एवढ्या उशिरा का उत्तर देता?”

“दमतो गं.”

“आणि भिंतीला चिकटून का उभे आहात?”

“बारकी,” मी म्हणालो, “तो किल्ला आता सोड. दुसरं काहीतरी लिही. मला वचन दे.” तिने वचन दिलं. फार पटकन दिलं.

हे काल झालं. आज दुपारी मी टेबलापाशी बसलोय आणि ती समोर माझ्याकडे पाठ करून काहीतरी टाईप करतेय. शाळेचा निबंध आहे म्हणाली. इथे चहा निवतोय, आणि तिथे पाचव्या मजल्यावर मी चौकट धरून उभा आहे, पाठीमागे काय आहे त्याकडे न बघता. हाताला रग लागलीय, पण जमतं. ती बाहेर आहे म्हटल्यावर सगळं जमतं.

आत्ता खाली पडवी वाजली.

हलकी पावलं, फळीच्या मधोमध. चोराची चाल नव्हे. ती जिन्यापाशी थांबली आणि दबक्या आवाजात हाक आली, “बाबा?”

आवाज तिचाच होता. पण तो आवाज शिकायला कुणाला तरी बराच वेळ मिळाला होता. मी ओ दिली नाही. दाराजवळच्या रॅककडे बघायचं धाडस झालं नाही. समोरच्या पाठीला विचारलं, “बारकी, काय लिहितेस गं?”

टाईप करायचा आवाज थांबला. वेणी जराशी कलली.

“निबंध, बाबा,” ती म्हणाली. पण जरा उशिरा.